पोलिसांना तपासणारा कोण?

यूपीएससीचा निकाल लागला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिली मोजणी होते ती नावांची. यंदा आपले किती? त्यात आयपीएस किती? महाराष्ट्रातले किती? मग मुबारकबाद, फुलांचे गुच्छ, दुआ. दुसऱ्या दिवशी कुणीतरी टक्केवारी काढून हळहळतो आणि ‘तालीम वाढली पाहिजे’ या नेहमीच्या वाक्यावर चर्चा संपते.

मी शिक्षक आहे. पोरांनी अधिकारी व्हावं असं मला वाटणारच. दीपनगरच्या रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलांत आमच्या शाळेतली दोन-चार तरी असतात आणि त्यांना पाहून बरं वाटतं. पण या सगळ्या मोजणीत एक प्रश्न राहून जातो. अधिकारी कोणत्याही नावाचा असो, तो आणि त्याचं ठाणं नीट काम करतं की नाही, हे तपासतं कोण? आणि तपासलं तर ते आपल्याला कळतं का?

खानदेशातल्या मुसलमानाला हा प्रश्न पुस्तकी वाटायचं कारण नाही. ८ मे १९७० रोजी जळगाव पेटलं. ४३ माणसं गेली, त्यातली ४२ मुसलमान होती. भिवंडी, जळगाव आणि महाडच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने केली आणि जळगावच्या पोलिसांच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले. त्यानंतर ४३ वर्षांनी, ६ जानेवारी २०१३ रोजी, धुळ्यात मच्छीबाजार भागात हॉटेलच्या बिलावरून भांडण झालं. त्याची दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा मुस्लीम तरुण मेले. खाकी वर्दीतली माणसं मोडतोड करतानाच्या मोबाइल चित्रफिती बाहेर आल्या, काही पोलिसांना अटक झाली आणि पुन्हा एक आयोग नेमला गेला.

आयोग नेमू नये असं मी म्हणत नाही. पण आयोग येतो तो माणसं मेल्यावर. तपासणी असते ती आधी, काही घडलेलं नसताना. आपल्याकडे पहिली गोष्ट वारंवार होते, दुसरी जवळपास होतच नाही.

दीपनगरच्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. इथल्या औष्णिक वीज केंद्रात बॉयलर आहेत. बॉयलर कितीही चांगला चालत असला तरी ठरावीक मुदतीत त्याची तपासणी होते. ती करणारा माणूस वीज केंद्राचा नोकर नसतो, तो सरकारच्या बाष्पके संचालनालयाचा असतो. त्याच्या प्रमाणपत्राशिवाय बॉयलर चालवता येत नाही. १९२३ पासून या देशात त्यासाठी कायदा आहे. बॉयलर चालवणारा बेइमान असतो, असं त्या कायद्याचं म्हणणं नाही. फुटला तर आजूबाजूची माणसं मरतील, एवढंच म्हणणं आहे.

आमच्या शाळांचं पाहा. केंद्रप्रमुख येतात, विस्तार अधिकारी येतात, वह्या पाहतात, शेरा लिहितात. हे सगळं वर्षानुवर्षं चालू होतं. तरीही ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, त्यात शिक्षण खात्याबाहेरची माणसं वर्गात शिरली, पोरांच्या बोटांना शाई लावून डोकी मोजली, तेव्हाच खोटे पट उघडे पडले. आधीच्या तपासण्यांत ते दिसत नव्हते असं नाही. पण आपल्याच खात्यातल्या माणसाचा पट खोटा आहे, असं लिहायला हात उचलत नव्हता.

पोलीस ठाण्यांचीही तपासणी होते. दरवर्षी वरिष्ठ येतात, दप्तर पाहतात, मुद्देमाल पाहतात, परेड घेतात, शेरा लिहितात. मात्र तपासणारे त्याच खात्याचे आणि शेराही त्याच खात्याच्या कपाटात. ज्या गावासाठी ते ठाणं आहे, त्या गावाला त्यातलं एक अक्षर कळत नाही.

इंग्लंडने यावर फार पूर्वी एक तोडगा काढला. १८५६ च्या कायद्याने तिथे राणीच्या नावाने पोलिसांचे निरीक्षक नेमले गेले. सुरुवातीला ते तिघेच होते. त्यांनी जिल्ह्या-जिल्ह्याचं पोलीस दल पाहायचं आणि ते कार्यक्षम असल्याचं प्रमाणपत्र दिलं तरच सरकारी अनुदान मिळायचं. पुढे तिथे रीत पडली की नावाजलेला पोलीसप्रमुख कारकिर्दीच्या शेवटी हा राष्ट्रीय निरीक्षक होणार. म्हणजे कालचे सहकारीच आज तपासणारे. यावर टीका झाली आणि २०१२ मध्ये पहिल्यांदा पोलीस खात्याबाहेरचा माणूस, टॉम विन्सर नावाचा वकील, मुख्य निरीक्षक झाला. पोलिसांच्या संघटनांना ते रुचलं नाही. पण दीडशे वर्षांच्या अनुभवानंतर तिथल्या सरकारला तसं करावंसं वाटलं, याची नोंद घेतली पाहिजे.

आपल्याकडे असं पदच नाही. पण एकदा, थोड्या काळासाठी, आपल्या महाराष्ट्राच्या मातीतल्या एका पोलीस अधिकाऱ्याने ते काम करून दाखवलं होतं.

कामठीचे रुस्तमजी

नागपूरजवळचं कामठी. छावणीचं गाव, विणकर मोमिनांचं गाव. तिथे १९१६ साली एका पारशी कुटुंबात खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी जन्मले. १९३८ मध्ये ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या पोलीस सेवेत आले. १९५२ पासून सहा वर्षं पंतप्रधान नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मग मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख म्हणून चंबळच्या डाकूंशी सामना. १९६५ मध्ये सीमा सुरक्षा दल उभं करायचं ठरलं, त्याचे पहिले प्रमुख तेच. १९७१ च्या बांगलादेश युद्धात त्या दलाने मोठी कामगिरी केली. नंतर केंद्रीय गृहखात्यात विशेष सचिव. १९९१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

इथपर्यंतची कारकीर्द कुठल्याही अकादमीत सांगण्यासारखी आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं.

आणीबाणीत पोलीस कसे वापरले गेले हे देशाने पाहिलं होतं. १९७७ मध्ये सरकार बदललं आणि नोव्हेंबरमध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. त्यात उच्च न्यायालयाचे एक निवृत्त न्यायाधीश होते, पोलीस अधिकारी होते आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे मा. स. गोरे हे आपले मराठी समाजशास्त्रज्ञही होते. रुस्तमजी त्या आयोगाचे सदस्य झाले तेव्हा त्यांचं वय ६१ होतं. आता ना बढती हवी होती ना बदलीची भीती.

आयोगाच्या कामासाठी ते बिहारच्या तुरुंगांत गेले. पोलीस अधिकारी तुरुंग पाहायला गेला की त्याला भिंती, पहारा आणि बराकी दाखवतात. रुस्तमजींनी पाहिलं की आत कोण आहे आणि कधीपासून. ज्या गुन्ह्याला दोन-तीन वर्षांची शिक्षा आहे, त्या आरोपाखाली माणसं त्याहून जास्त वर्षं खटल्याविना पडून होती. जामिनाला पैसे नाहीत, वकील नाही, तारीख नाही. काही बाया तर कुठल्या गुन्ह्याच्या आरोपी नव्हत्याच. त्या गुन्ह्याच्या बळी होत्या किंवा साक्षीदार होत्या आणि ‘संरक्षणासाठी’ म्हणून तुरुंगात ठेवलेल्या होत्या.

हे त्यांनी अहवालात लिहून सरकारकडे पाठवून दिलं असतं, तर आज मी हे लिहीत नसतो. त्यांनी ते वर्तमानपत्रात छापून येऊ दिलं. ८ आणि ९ जानेवारी १९७९ च्या इंडियन एक्सप्रेसमध्ये त्या कैद्यांची हकिगत आली. दिल्लीतल्या वकील कपिला हिंगोराणी यांनी ती वाचली आणि सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. कैद्यांच्या यादीतल्या एका बाईच्या नावाने तो खटला आजही ओळखला जातो: हुसैनआरा खातून विरुद्ध बिहार राज्याचे गृहसचिव.

न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पीठाने सांगितलं की लवकर खटला चालणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे. पुढे देशभरात सुमारे ४०,००० कच्चे कैदी सुटल्याचं सांगतात. जनहित याचिकेची परंपरा आपल्याकडे रुजली ती या खटल्यापासून. मोफत कायदेशीर मदतीच्या १९८७ च्या कायद्यालाही याच निकालांनी बळ दिलं.

आता नावांची मोजणी करणाऱ्या आपल्या मित्रांनी ही नावं पाहावीत. रुस्तमजी, हिंगोराणी, भगवती आणि हुसैनआरा. ‘आपला माणूस’ यात एकच आहे आणि ती तुरुंगात होती. तिला बाहेर काढलं ते नात्याने किंवा जातीने नाही. आत कोण आहे हे पाहण्याचा अधिकार असलेला एक माणूस आत गेला, त्याने मोजलं आणि ते जाहीर होऊ दिलं. पोलिसांत मुसलमानांची संख्या वाढली पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण तपासणीच नसेल तर आपला अधिकारीही त्याच साच्यात बसतो, त्याच बदल्यांना घाबरतो आणि त्याच दप्तरावर सही करतो.

निवृत्तीनंतरचं धाडस

राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल दिले. पहिल्या अहवालात शिपायाचा विचार होता: कामाचे तास, घर, पगार, साहेबांच्या घरची कामं. सहाव्यात जातीय दंगलींवर लिहिलं गेलं आणि काही ठिकाणी पोलीस एका समाजाविरुद्ध झुकलेले दिसले, हे सरकारने नेमलेल्या आयोगाने कागदावर आणलं. तोवर दिल्लीतलं सरकार पुन्हा बदललं होतं. अहवाल कपाटात गेले.

त्याची किंमत आधी पोलिसांनीच मोजली. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलीस शिपाई रस्त्यावर उतरले आणि सरकारला लष्कर बोलवावं लागलं. शिपायाच्या हालअपेष्टा तीन वर्षं आधी सरकारी अहवालात लिहिलेल्या होत्या. म्हणून ‘तपासणी आली की पोलिसांचं मनोबल खचतं’ हा युक्तिवाद मला पटत नाही. सोळा-सोळा तास बंदोबस्त करून गळक्या क्वार्टरमध्ये परतणाऱ्या हवालदाराची बाजूही बाहेरचा तपासनीसच मांडू शकतो. त्याला स्वतःला बोलायची सोय नाही.

त्या वेळी मुंबईचे पोलीस आयुक्त होते ज्युलिओ रिबेरो. महाराष्ट्र केडरचा हा अधिकारी पुढे केंद्रीय राखीव पोलीस दल, गुजरात आणि मग पंजाबच्या सर्वांत वाईट दिवसांत तिथल्या पोलिसांचा प्रमुख झाला. १९९८ मध्ये पोलीस सुधारणांचा आढावा घेण्यासाठी समिती नेमली गेली ती त्यांच्याच अध्यक्षतेखाली. उत्तर प्रदेश आणि आसामचे पोलीसप्रमुख राहिलेले प्रकाश सिंह यांनी निवृत्तीनंतर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं, की धर्मवीर आयोगाच्या शिफारशी अमलात आणा. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, निकाल लागला. पोलीसप्रमुखाला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास आणि बंदोबस्ताची कामं वेगळी, आणि राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण, असे आदेश निघाले.

रुस्तमजी, रिबेरो, प्रकाश सिंह. तिघांचाही मला आदर आहे. पण तिघांच्याही बाबतीत एक गोष्ट समान आहे: खात्याची तपासणी करण्याचं काम त्यांच्या हाती आलं किंवा त्यांनी हाती घेतलं ते वर्दी उतरल्यावर. वर्दीत असताना ते गप्प होते असा माझा आरोप नाही. आपली व्यवस्थाच अशी आहे की नोकरीत असलेल्या अधिकाऱ्याने आपल्या खात्याबद्दल खरं लिहिलं तर त्याची गडचिरोलीला बदली होते आणि निवृत्ताने लिहिलं तर त्याचं पुस्तक होतं. दोन्हींतून ठाणं बदलत नाही.

तसं पाहिलं तर मार्ग सांगितलेला आहे. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ च्या सार्वजनिक सुव्यवस्थेवरच्या अहवालात शिफारस केली, की प्रत्येक राज्यात पोलिसांचा स्वतंत्र निरीक्षक विभाग असावा. त्याचा प्रमुख महासंचालक दर्जाचा अधिकारी असावा, त्याने दरवर्षी ठाण्यांच्या कामाची तपासणी करावी आणि अहवाल जनतेसमोर ठेवावा. शेवटचे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. अहवाल जनतेसमोर. जळगावच्या एखाद्या ठाण्यात वर्षभरात किती तक्रारी नोंदवून घेतल्या नाहीत, किती जणांना नोंद न करता बसवून ठेवलं, कॅमेरे किती दिवस बंद होते, हे जळगावच्या माणसाला छापील वाचता आलं पाहिजे. ही शिफारसही कागदावरच राहिली.

माझी त्यात एक भर आहे. या विभागात फक्त पोलीस नकोत. रुस्तमजींना कुठलं रजिस्टर मागायचं हे माहीत होतं, कारण ते चाळीस वर्षं त्याच जगात राहिले होते. आतल्या माणसाचा हा फायदा. पण आतल्या माणसाला काही गोष्टी इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की दिसेनाशा होतात. त्यासाठी गोरे सरांसारखा बाहेरचा माणूस शेजारी बसलेला हवा. १९७७ च्या आयोगात दोघे होते. म्हणूनच त्याचे अहवाल आजही वाचण्यासारखे आहेत.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक आठवण. हजरत उमर (र.अ.) यांनी प्रांतांच्या गव्हर्नरांविरुद्धच्या तक्रारी तपासण्यासाठी मुहम्मद बिन मसलमा यांना नेमलं होतं. तक्रार आली की ते त्या प्रांतात जात आणि लोकांसमोर चौकशी करत. ज्यांची चौकशी व्हायची त्यांत थोर सहाबीही होते. माणूस चांगला आहे म्हणून तपासायला नको, असं त्या काळातही कुणी म्हटलं नाही. जुम्म्याच्या तकरीरींत उमर यांचा अद्ल आपण नेहमी ऐकतो. त्या अद्लसाठी माणूस नेमलेला होता, हेही ऐकवायला हवं.

तोवर आपण काय करायचं?

महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात बदल करून तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. पण न्यायालयाने सांगितलेल्या जिल्हा पातळीऐवजी विभागीय पातळी ठेवली. म्हणजे रावेरच्या किंवा शिरपूरच्या मजुराने तक्रार घेऊन नाशिक गाठायचं. दिवसाची मजुरी बुडवून, भाडं खर्चून, आपल्याच गावच्या पोलिसाविरुद्ध. जिल्ह्याच्या ठिकाणी प्राधिकरण द्या, ही मागणी खानदेशातल्या सगळ्या पक्षांच्या आमदारांकडे करण्यासारखी आहे. ती फक्त मुसलमानांची मागणी नाही. आदिवासी पाड्यावरचा भिल्ल, पावरा आणि पारधी या बाबतीत आपल्याही मागे उभा आहे.

दुसरं, तुरुंग. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यातले सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांतले तीन. हुसैनआरा खटल्याला ४० पेक्षा जास्त वर्षं झाल्यानंतरची ही स्थिती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, आरोप असलेल्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा निम्मा काळ कच्च्या कैदेत गेला असेल तर जामिनाचा विचार झाला पाहिजे. पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ पुरतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही आणि एकाहून जास्त खटले असतील तर अडचण येते. न्यायालयाला अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे. आपल्या किती घरांना हे माहीत आहे?

माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या थोरल्या भावाला गल्लीतल्या मारामारीत पकडलं. अब्बा हमाली करणारे. आठवडाभर ते एका पुढाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरले, कुणीतरी ‘साहेबांशी बोलतो’ म्हणून पैसे घेतले, आणि शेवटी बायकोचे दागिने मोडून वकील केला. कोठडीत असलेल्या कोणत्याही माणसाला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे त्यांना त्या आठ दिवसांत एकाही माणसाने सांगितलं नाही. पोलिसांनी नाही, पुढाऱ्याने नाही, मोहल्ल्यातल्या शिकलेल्यांनीही नाही.

म्हणून मला असं वाटतं, की प्रत्येक मोठ्या मशिदीच्या कमिटीने, प्रत्येक उर्दू शाळेच्या माजी विद्यार्थी संघटनेने एक वही ठेवावी. आपल्या वस्तीतलं कोण तुरुंगात आहे, कोणत्या कलमाखाली, कधीपासून, वकील आहे का, पुढची तारीख कोणती. शेजारच्या वस्तीतला गरीब हिंदू, दलित, आदिवासी असेल तर त्याचंही नाव त्यात हवं. वर्षातून एकदा ती वही घेऊन विधी सेवा प्राधिकरणात जावं. सोबत माहितीच्या अधिकारात एक अर्ज: गेल्या वर्षी आमच्या ठाण्याची तपासणी कुणी केली, कधी केली आणि शेरा काय होता? उत्तर मिळालं तर ते मशिदीच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं. नाकारलं तर अपील करावं. अर्जाला दहा रुपये लागतात.

पहाटे रस्त्यावर धावणारी आमची पोरं उद्या वर्दी घालतील. त्यांच्या ठाण्यात दरवर्षी बाहेरचा एक माणूस येईल, रजिस्टर उघडून विचारेल की हा आत का आहे आणि कधीपासून, असं ठाणं त्यांना मिळावं. तसं ठाणं मिळालं तर नीट काम करायला त्यांना निवृत्तीची वाट पाहावी लागणार नाही.